हार्नेसचा दोरसेतू आणि त्यावरील कडी : जोडसाधनाच्या निवडीचा विचार

अकोला जिल्ह्यातून १९९८ साली वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात कामरगाव वसलेले आहे. वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे तेथेही कडुनिंब, चिंच आणि आंबा हीच मोठ्या विस्ताराची झाडे होत. अशा झाडांवर माणसाला चढावे लागण्याची कारणे अनेक असतात. चिंचा झोडणे, घरावर झुकलेली फांदी उतरविणे, वाळलेले खोड वादळापूर्वी काढून टाकणे ही कामे दरवर्षी निघतात. ती करणारा मनुष्य बहुधा अनवाणी चढतो आणि कमरेला बांधलेल्या एका दोरावर विसंबून राहतो. अलीकडे शहरांतील वृक्षकाम करणाऱ्यांमध्ये हार्नेस, म्हणजे कमर व मांड्या यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, प्रचारात आला आहे, आणि तो हळूहळू लहान गावांपर्यंत पोहोचण्याचा संभव आहे. तो पोहोचेल तेव्हा त्यातील सर्वांत लहान भागाविषयीचा निर्णय गावातच घ्यावा लागेल. हार्नेसच्या पुढच्या दोरावर कोणती कडी बसवावी, हा तो निर्णय होय. ह्या कडीचे वजन काही तोळ्यांचे असते. परंतु चढणाऱ्या माणसाचे संपूर्ण वजन तिच्यावर असते. म्हणून तिच्या निवडीमागील यंत्रशास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

दोरसेतू म्हणजे काय

नारळाच्या झाडावर चढणाऱ्याचा प्रश्न तुलनेने सरळ आहे. खोड एकच, तेही उभे. चढणे आणि उतरणे ह्या दोनच हालचाली. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात 'नारळवृक्षाचे मित्र' ह्या नावाने जे प्रशिक्षण सुरू केले, त्यात खोडाला धरून वर सरकणारे पायाचे यंत्र पुरेसे ठरले. चिंचेच्या किंवा निंबाच्या झाडाचे तसे नाही. तेथे खोडावरून फांदीवर, फांदीवरून डहाळीकडे असे आडवे जावे लागते. दोर वर एका मजबूत बेचक्यातून टाकलेला असतो आणि माणूस त्याला लोंबकळत, पाय फांदीवर टेकवीत, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे झुकत काम करीत असतो.

जुन्या पद्धतीच्या पट्ट्यात दोर पोटासमोरच्या एका स्थिर कडीला बांधीत. माणूस उजवीकडे झुकला की पट्टा अंगावर पिळे आणि एकाच कुशीवर सारा भार येई. हा दोष घालविण्यासाठी हार्नेसच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये दोराचा एक आखूड तुकडा सैल बांधतात. ह्यालाच येथे दोरसेतू म्हटले आहे. सेतूवर एक कडी मोकळी ओवलेली असते आणि वरून येणारा मुख्य दोर त्या कडीला जोडलेला असतो. माणूस झुकला की कडी सेतूवरून सरकते आणि भार पुन्हा दोन्ही बाजूंना वाटला जातो.

येथे एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. मुख्य दोर झाडावरून दुपदरी घेतला असेल तर त्याचे एक टोक आणि दुसऱ्या पदरावरची घर्षणगाठ ही दोन्ही ह्याच कडीला येऊन मिळतात. (अशा गाठींपैकी सर्वांत परिचित गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ मध्ये प्रसिद्ध केली.) वर दोर दोन पदरांचा असला तरी खाली आधार एकच आहे. कडी निसटली तर दोन्ही पदर एकदम निरुपयोगी होतात.

भाराचा हिशेब

सेतूच्या दोन्ही बाजू उभ्या रेषेशी सारखाच कोन करतात असे मानू. माणूस व त्याची हत्यारे मिळून ८० किलोग्रॅम वजन असेल, तर प्रत्येक बाजूतील ताण हा निम्म्या वजनाला त्या कोनाच्या कोज्येने भागले असता मिळतो. कोन ३० अंश असेल तर हा ताण सुमारे ४६ किलोग्रॅम भाराइतका, ४५ अंशांस ५७, ६० अंशांस पुरा ८० आणि ७५ अंशांस १५५ किलोग्रॅम भाराइतका होतो. म्हणजे सेतू जितका आखूड व ताठ, तितका त्याच्यावरील ताण अधिक. वजन तेच असूनही केवळ लांबीमुळे ताण तिप्पट होऊ शकतो.

ह्या ताणाचा आडवा घटक कमरेच्या हाडांना दोन्ही बाजूंनी आत दाबतो. तो ३० अंशांस सुमारे २३, ४५ अंशांस ४० आणि ६० अंशांस ६९ किलोग्रॅम भाराइतका असतो. दिवसभर झाडावर असणाऱ्या माणसाला ताठ सेतूने कुशी दुखतात याचे कारण हेच. उलट सेतू फार लांब ठेवला तर कडी छातीपर्यंत वर जाते, मुख्य दोरावरची गाठ हाताच्या टप्प्याबाहेर जाऊ लागते आणि प्रत्येक वेळी वर सरकताना श्रम वाया जातात. म्हणून सेतूची लांबी कमीजास्त करता येईल अशीच त्याची रचना असावी.

शांतपणे लोंबकळण्याचे हे आकडे झाले. दोरात ढिलाई राहून माणूस अर्धा मीटर खाली घसरला आणि नंतरच्या १० सेंटिमीटरांत थांबला, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या सहापट, म्हणजे सुमारे ४८० किलोग्रॅम भार होते. क्षणिक महत्तम बल त्याहूनही मोठे असते. चढाईच्या धातुसाधनांचा भंजनभार वजनाच्या पंचवीस-तीस पटींनी अधिक मागतात, त्यामागे हा हिशेब आहे. अमेरिकेतील वृक्षकामाच्या झेड १३३ ह्या सुरक्षा-मानकात कॅराबिनरसाठी ५,००० पौंडांची, म्हणजे सुमारे २,२६८ किलोग्रॅम भाराची मर्यादा घातली आहे. नामांकित निर्मात्यांची बहुतेक साधने ह्या मर्यादेला उतरतात. त्यामुळे भंजनभाराचा आकडा हा निवडीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. दोन साधने त्या कसोटीस उतरली तरी त्यांपैकी एक सेतूवर योग्य आणि दुसरे घातक असू शकते.

कडी का सरकते

दोन खिळ्यांना सैल दोरा बांधून त्याच्या आधाराने पेन्सिल फिरविली तर लंबवर्तुळ उमटते, हा शाळेतला प्रयोग सर्वपरिचित आहे. दोरसेतूत बाजूंच्या दोन कड्या हेच ते दोन खिळे, म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभी. आणि सरकणारी कडी ही पेन्सिल. माणूस झुकला की कडी ह्या लंबवर्तुळावरून अशा बिंदूपर्यंत सरकते की जेथे सेतूच्या दोन्ही बाजूंचे उभ्या रेषेशी कोन समान होतात. तेथे दोन्ही बाजूंचा ताणही समान असतो. सेतूचा सारा लाभ ह्या समतेत आहे.

व्यवहारात घर्षण ह्या समतेच्या आड येते. कडीभोवती दोर जितक्या कोनातून वळतो आणि घर्षणांक जितका मोठा, तितका दोन बाजूंच्या ताणांत फरक पडूनही कडी जागची हलत नाही. सेतूच्या बाजू उभ्या रेषेशी ४५ अंश करीत असतील तर दोर कडीवर ९० अंशांतून वळतो. घर्षणांक ०·२५ धरला तर एका बाजूचा ताण दुसरीच्या सुमारे दीडपट होईपर्यंत कडी सरकत नाही. दोर धुळीने खरबरीत होऊन घर्षणांक ०·४ झाला तर हेच प्रमाण जवळजवळ १·९ होते. चिंचेच्या डिंकाने व मातीने माखलेला सेतू 'अडकतो' अशी जी तक्रार चढणारे करतात, तिचे स्पष्टीकरण ह्यात आहे.

ह्या नियमात कडीच्या जाडीचा संबंध येत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जाड कडी घेतल्याने सरकणे सुलभ होत नाही. ते पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणावर व दोराच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. तथापि दोराचे आयुष्य मात्र जाडीवर फार अवलंबून असते. पातळ धातूवरून वळताना दोराचे बाहेरचे तंतू अधिक ताणले जातात आणि आतले चेपले जातात. विहिरीच्या मोटेचा नाडा लाकडी दांड्यावरून न घासता रुंद चाकावरून जात असे, तो ह्याच अनुभवामुळे. सेतूचा दोर ११ मिलिमीटरांचा असेल तर सात मिलिमीटरांच्या सळईची कडी त्याला लवकर खाते. दोराच्या व्यासाइतकी किंवा त्याहून जाड, गोल छेदाची कडी तो बराच काळ टिकविते.

साधनांची तुलना

अखंड कडी. एकाच धातूच्या तुकड्यातून घडविलेली, झडप किंवा सांधा नसलेली ही कडी कोणत्याही बाजूने ओढली तरी सारखीच बळकट असते, कारण तिला उघडण्याजोगे अंगच नाही. ती सेतूवर फिरत राहते, त्यामुळे झीज एकाच जागी होत नाही. तिची अडचण एकच : ती सेतूत ओवण्यासाठी सेतूचे एक टोक सोडावे लागते.

कॅराबिनर. झडपेची ही कडी गिर्यारोहकांच्या नित्य परिचयाची आहे. तिचे बळ दिशेवर अवलंबून असते. युरोपीय मानक ई. एन. १२२७५ अनुसार साध्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसावे लागते. पण आडव्या दिशेने आणि झडप उघडी असताना केवळ ७ किलोन्यूटनांची अपेक्षा असते. म्हणजे तेच साधन आडवे झाले की त्याचे बळ एकतृतीयांशावर येते. कॅराबिनर थेट सेतूवर घातला तर माणसाच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो उलटापालटा होतो. कधी झडपच दोरावर येते, आणि वरून दोन साधने वेगळ्या दिशांना ओढू लागली तर तीन दिशांचे बल त्याच्यावर पडते, जे त्याच्या चाचणीत धरलेलेच नसते. शिवाय पेचाची झडप दोराच्या घासण्याने फिरून उघडू शकते. म्हणून कॅराबिनरची जागा अखंड कडीच्या वर, मुख्य दोराच्या टोकाशी, सेतूवर नव्हे. तेथेही आपोआप मिटणारा आणि दोन वेगळ्या हालचाली केल्यावाचून न उघडणारा कॅराबिनरच घ्यावा. उपरोक्त अमेरिकी मानकाचा आग्रहही तोच आहे.

पेचाची कडी. ही लंबगोल कडी एका नळीसारख्या चाकीने बंद होते. टोक न सोडता ती सेतूवर बसविता येते, हा तिचा गुण. परंतु चाकी पान्याने पूर्ण आवळलेली नसेल तर तिचे बळ पुष्कळ घटते, आणि चाकीच्या कडेवरून सतत सरकणारा दोर लवकर झिजतो. ती स्थिर जागी, म्हणजे सेतूचे टोक बाजूच्या कडीला जोडण्यासाठी, अधिक शोभते.

स्विव्हल. दोन भाग एकमेकांभोवती फिरू देणारे हे साधन मुख्य दोराला पडणारा पीळ घालविते. फांदीभोवती वळसे घेत फिरणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग आहे. मात्र त्यात खीळ व सांधा आल्यामुळे तपासणीची एक जागा वाढते, आणि कडीपासून गाठीचे अंतरही वाढते. ज्याचा दोर वारंवार पिळतो त्याने ते घ्यावे. केवळ नवे आहे म्हणून घेऊ नये.

कप्पी. सेतूवर कप्पी घातली तर घर्षण जवळजवळ नाहीसे होते आणि समता चटकन साधते. पण थोडेसे घर्षण उपयोगीही असते. एका अंगावर झुकून करवत चालविणाऱ्या माणसाला आपली स्थिती टिकवावयाची असते. कप्पीवर ती टिकत नाही आणि स्नायूंना सतत तोल सांभाळावा लागतो.

बाजारी शॅकल व वेल्ड केलेली कडी. लहान गावात सहज मिळणारी साधने हीच. आणि खरा धोका येथेच आहे. ट्रॅक्टरच्या साखळीची शॅकल दिसावयास राकट असते. परंतु तिचा पेचाचा खिळा हालचालीने सैल होतो व त्याच्या आट्यांवर दोर कापला जातो. तिच्यावर कोरलेला आकडा बहुधा टनांत दिलेला कामाचा भार असतो, तर कॅराबिनरवरचा किलोन्यूटनांतील आकडा भंजनभाराचा असतो. हे दोन आकडे एकाच मापाचे समजून केलेली तुलना फसवी ठरते. गावच्या लोहाराने सळई वाकवून वेल्ड केलेली कडी बैलाच्या दाव्याला उत्तम चालते. तेथे सांधा सुटला तर बैल मोकळा होतो, इतकेच. माणसाच्या बाबतीत तोच सांधा त्याच्या जिवाचा असतो. आणि वेल्डच्या पोटातील पोकळी डोळ्यांना दिसत नाही, ८० किलोग्रॅमचे वजन टांगून केलेल्या परीक्षेतही ती कळत नाही. ज्या कडीवर निर्मात्याचे नाव, भंजनभार आणि मानकाचा क्रमांक कोरलेला नाही ती सेतूवर घालू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळसे अपघात टळतील.

पोलाद की ॲल्युमिनियम

पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७·८५ पट, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सुमारे २·८ पट असते. एका कडीपुरता हा फरक काही तोळ्यांचा आहे. दिवसभराच्या कामात तो जाणवत नाही. निर्णायक गोष्ट झिजेची आहे. ॲल्युमिनियम मऊ असल्याने धूळ बसलेल्या दोराने त्यावर खाच पडते आणि खाचेच्या कडा पुढे दोरालाच कापू लागतात. पोलादाची कडी घासण्याला अधिक टिकते. पण पावसाळ्यात ओली ठेवल्यास गंजते, व गंजाचा खरबरीतपणा दोराला तितकाच बाधक होतो. पोलादी कॅराबिनर ॲल्युमिनियमच्या कडीत अडकविल्यास मऊ धातू वेगाने झिजतो. म्हणून एकमेकांत अडकणारी साधने शक्यतो एकाच धातूची असावीत. वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या धुळीत काम करणाऱ्यास पोलादी कडी, आणि ती कोरडी ठेवण्याची सवय, ही जोडी अधिक मानवेल.

सेतूचा दोर आणि त्याची टोके

कडी कितीही उत्तम असली तरी तिच्याखालचा दोर हा ठरावीक मुदतीत बदलावयाचा भाग आहे. नायलॉन व पॉलिएस्टर यांचे दोर गाठीला चांगले धरतात. अतिशय बळकट अशा पॉलिथिलीनच्या तंतूंचा दोर मात्र निसरडा असतो आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. त्याला साधी गाठ पुरत नाही. टोकाशी मारलेल्या गाठीने दोराचे बळ बरेच कमी होते, हे हिशेबात धरूनच दोर निवडावा. गाठीपुढे दोराची शेपटी पुरेशी लांब ठेवावी आणि गाठ बाजूच्या कडीच्या छिद्रातून ओढली जाणार नाही एवढी मोठी असावी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू दुबळे होते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हार्नेस झाडाला टांगून ठेवण्याची सवय म्हणूनच वाईट. काम संपताच तो सावलीत, कोरड्या पिशवीत ठेवावा.

काही हार्नेसांत दोन सेतू बसविण्याची सोय असते. एकच कडी दोन्हींतून ओवली तर एक सेतू कापला गेला तरी कडी दुसऱ्यावर राहते. करवतीने काम करणाऱ्यास ही सोय मोलाची आहे. तसेच फांदी कापताना कमरेचा वेगळा दोर झाडाभोवती घेऊन हार्नेसच्या बाजूच्या कड्यांना जोडावा, सेतूवरील कडीला नव्हे. दुसरा आधार पहिल्याच कडीला बांधला तर तो दुसरा राहत नाही.

प्रत्येक चढाईपूर्वी तीन गोष्टी हाताने व डोळ्याने पाहाव्यात. कडीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून खाच किंवा धार लागते का. सेतू मधोमध दुमडून त्याचे कवच विरले आहे का. आणि दोन्ही टोकांच्या गाठी जागच्या आहेत का. ह्या परीक्षेस दोन मिनिटेही लागत नाहीत. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपलीकडे झिजलेली कडी जपून ठेवण्याऐवजी मोडून टाकावी, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती जाणार नाही.

सारांश

दोरसेतूवरील साधनाची निवड करताना भंजनभाराखेरीज तीन प्रश्न विचारावयाचे असतात. ते साधन आपोआप उघडू शकते काय? त्याच्यावर नेहमी त्याच्या बळकट दिशेनेच भार येईल काय? आणि ज्या दोरावरून ते सरकते त्या दोराला ते कसे वागविते? ह्या तिन्ही प्रश्नांना अखंड, जाड, गुळगुळीत कडीचे उत्तर सर्वांत समाधानकारक आहे. कॅराबिनर, स्विव्हल आणि पेचाची कडी यांना आपापल्या जागी स्थान आहे, पण ते तिच्या भोवतीचे. औद्योगिक सुरक्षापट्ट्यांसाठी भारतात आय. एस. ३५२१ हे मानक आहे. तथापि चिंचेवर चढणारा मनुष्य कारखान्यातला कामगार नसतो आणि त्याच्या साधनाची तपासणी करावयास कोणी निरीक्षक येत नाही. त्याची तपासणी त्याला स्वतःच करावयाची असते. कामरगावसारख्या गावी हार्नेस विकत घेणाऱ्याने पट्ट्यांच्या रंगाकडे व किमतीकडे पाहण्याआधी त्या लहानशा कडीकडे पाहावे, हे सांगण्याचे कारण एवढेच.